कोड लिहिताना कानात काय असतं तुमच्या?

सेमीकोलन

नमस्कार मंडळी. इथे आयटीवाले ढिगाने आहेत, म्हणून हा धागा. आधी कुणी काढला असेल तर संपादकांनी हा तिकडे हलवावा, मला शोधून सापडला नाही.

प्रश्न असा की सलग चार-पाच तास कोड लिहायला बसता तेव्हा काय ऐकता? आणि त्याचा खरंच उपयोग होतो, की नुसतं बरं वाटतं?

माझं सांगते. मी बॅकएंडवर आहे, बहुतेक जावा. घरून काम असलं की हेडफोन सकाळी चढतात ते जेवायलाच उतरतात. टेस्ट लिहिणं, एका सर्व्हिसमधली फील्ड्स दुसरीत मॅप करणं, लायब्ररीची व्हर्जन वाढवून जे जे मोडलं ते निस्तरत बसणं, असलं काम असेल तर मला काहीही चालतं. नाट्यगीतं लावते, नव्वदच्या दशकातली हिंदी गाणी लावते, बरोबरीने गुणगुणतेसुद्धा. काम भराभर उरकतं, कंटाळा येत नाही.

पण प्रॉडक्शनवर काही फुटलं, लॉग उघडला आणि दोन थ्रेड (प्रोग्रॅममधली एकाच वेळी चालणारी कामं) एकमेकांची वाट बघत अडकलेत अशी शंका आली, की हात आपसूक पॉजवर जातो. मी ठरवून करत नाही, तो जातोच. अर्ध्या तासाने लक्षात येतं की कानात हेडफोन आहेत आणि त्यात काहीच वाजत नाहीये.

दुसरी गंमत म्हणजे भावगीत चालू असताना मला फंक्शनला नाव सुचत नाही. लूप लिहिता येतो, इफ-एल्स लिहिता येतं, नाव नाही सुचत. इंग्रजी गाण्यांनी एवढं अडत नाही, कारण त्यातले निम्मे शब्द मला कळतच नाहीत.

तेव्हा माझ्यापुरता हिशोब असा आहे की हाताचं काम असेल तर गाणं आणि डोक्याचं असेल तर बंद. नवरा याच धंद्यात आहे आणि त्याला हे अजिबात मान्य नाही. त्याला डिझाइन करतानाही कानात काहीतरी लागतं, शांततेत म्हणे त्याला आपलेच विचार ऐकू येतात आणि ते कामाचे नसतात. तुमचा काय अनुभव?

रातकिडा

पहिला नंबर!

मी रात्रपाळीवाला. सपोर्ट प्लस थोडं डेव्हलपमेंट. आमच्याकडे एकच उत्तर आहे, लोफाय. यूट्यूबवर रात्रंदिवस चालणारं ते मंद संगीत, आणि चित्रात ती खिडकीपाशी हेडफोन घालून वहीत लिहीत बसलेली मुलगी आणि तिची मांजर. आता त्या चॅनलचं नावच तिच्यावरून आहे, २०२१ पर्यंत वेगळं होतं. २०२२च्या जुलैमध्ये कुणीतरी कॉपीराइटची खोटी तक्रार केली आणि दोन वर्षांहून जास्त काळ अखंड चालू असलेलं ते प्रक्षेपण यूट्यूबने बंद पाडलं. त्या रात्री जगभरातल्या डेव्हलपरांनी जी हळहळ व्यक्त केली ती बघण्यासारखी होती. दोन दिवसांत परत चालू झालं म्हणा.

ते संगीत म्हणून फार थोर आहे असं माझं म्हणणं नाही. एक गाणं संपून दुसरं कधी सुरू झालं ते कळत नाही, हाच त्याचा गुण. शब्द नाहीत, चढउतार नाहीत, आणि मुख्य म्हणजे *निवडायचं* काही नाही. माझा वेळ गाण्यात कधीच गेला नाही, पुढचं गाणं शोधण्यात गेला.

पेरूचीफोड

वाचतेय. छान विषय.

मला संगीताची आवड म्हणून नाही, तर भिंत म्हणून लागतं. आमची सोसायटी नदीपात्राच्या जवळ. पुण्यातल्या लोकांना पुढचं सांगायला नको. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने रोज संध्याकाळी ढोल पथकांचा सराव, आणि नेमकी तीच वेळ आमच्या क्लायंटला जाग येण्याची. वर घरात कुकरच्या शिट्ट्या, लेकाची ऑनलाइन शिकवणी, सासूबाईंची मालिका. मला कानात *काय* आहे याने फरक पडत नाही, बाहेरचं आत येत नाही ना एवढंच बघते.

नॉइज कॅन्सल करणारे महागडे हेडफोन घेतले. एसी गायब, पंखा गायब. ढोल मात्र जसाच्या तसा! कुणी सांगेल का असं का होतं?

एडिसनकर

@पेरूचीफोड, मी ऑडिओवाल्यांसाठी फर्मवेअर लिहायचो, म्हणून सांगतो.

हेडफोनच्या बाहेरचा माइक आवाज ऐकतो आणि आतला स्पीकर त्याच्या बरोबर उलटी लहर सोडतो, दोन्ही मिळून शून्य. हे जमतं कधी, तर आवाज खालच्या पट्टीतला आणि एकसुरी असेल तेव्हा. कारण मग पुढच्या क्षणी काय येणार याचा अंदाज बांधता येतो. बोस कंपनी काढणारे अमर बोस यांना १९७८ मध्ये झुरिकहून परतताना विमानात ही कल्पना सुचली हे प्रसिद्धच आहे, आणि विमानाच्या इंजिनाची घरघर हे त्याचं आदर्श गिऱ्हाईक. ढोलाचा ठोका खालच्या पट्टीतला असला तरी अचानक येतो. तो यायच्या आत उलटी लहर तयार करायला वेळच नसतो. शिवाय ढोल नुसता कानांनी ऐकू येत नाही, छातीत वाजतो. त्याला हेडफोन काय करणार.

माणसांच्या बोलण्याचंही तेच. आमच्या इथल्या ओपन ऑफिसात (कंपनीचं नाव नको) एका लांबलचक टेबलाला सगळे बसवलेत. हे हेडफोन घातले की एसीची घरघर जाते आणि त्यामुळे पलीकडच्याचं फोनवरचं बोलणं उलट जास्त स्पष्ट ऐकू येतं! म्हणून वरून काहीतरी लावावं लागतं. मी सॅन फ्रान्सिस्कोचं सोमा-एफएम ऐकतो, त्यातलं ग्रूव्ह सॅलड. २००० सालापासून इंटरनेटवर चालू आहे, जाहिराती नाहीत, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालतं.

वऱ्हाडी_बग

काय हेडफोन-हेडफोन लावलं बे तुम्ही लोकांनी 😀

आमच्या नागपुरात एप्रिल-मे मधे कोणाले हेडफोन लागते? खिडकीतला कूलर चालू केला का बाहेर बॉम्ब फुटला तरी समजत नाही. मी सगळ्यात चांगला कोड उन्हाळ्यात लिहितो, खरं सांगतो. पावसाळा लागला का कूलर निघते आन् आपलं डोकं चालनं बंद. मंग यूट्यूबवर कूलरचा आवाज शोधला, तर भेटला ना राजेहो! दहा-दहा घंट्याचे व्हिडिओ. खाली कमेंटमधे सारे आपलेच लोकं.

रातकिडा

=)) =)) कूलरचा व्हिडिओ! लिंक द्या हो.

शून्यशेष

वऱ्हाडी_बग यांचा कूलर हसण्यावारी नेऊ नका. पंखा, कूलर, धबधबा, दूरचा पाऊस यांच्या आवाजात खालच्या कंपनांचा भरणा असतो. ध्वनीच्या भाषेत ब्राउन नॉइज म्हणतात ते याच्या जवळचं, त्याची ताकद दर सप्तकाला ६ डेसिबलने उतरते. पिंक नॉइजची ३ डेसिबलने. व्हाइटची उतरतच नाही, म्हणून तो जुन्या टीव्हीच्या मुंग्यांसारखा कानाला टोचतो. कमांडलाइनवाल्यांनी सॉक्स हे टूल टाकून घ्यावं, एका ओळीत हवा तो नॉइज मिळतो, दहा तासांचा व्हिडिओ आणि त्यातल्या जाहिराती नकोत.

आता मूळ प्रश्नाकडे. मी मानसशास्त्र सोडून डेटाकडे आलेला माणूस, तेव्हा थोडं सहन करा.

सेमीकोलन यांना भावगीतात नाव का सुचत नाही याला चांगलं उत्तर आहे. आपण वाचताना, नाव शोधताना मनातल्या मनात बोलतो. ते बोलणं थोडा वेळ धरून ठेवणारी जागा लहान आहे आणि कानावर पडलेलं बोलणं न विचारता तिथेच शिरतं. १९७६ मध्ये कोल आणि वेल्श यांनी दाखवलं की मागे बोलणं चालू असलं की लोकांना क्रमाने लक्षात ठेवायला दिलेली अक्षरं कमी आठवतात. १९८२ मध्ये सालामे आणि बॅडली यांनीही हेच तपासलं. गंमत म्हणजे कोल-वेल्श यांच्या प्रयोगात ते बोलणं जर्मन होतं आणि ऐकणाऱ्यांना जर्मन येत नव्हतं. म्हणजे भाषा कळली नाही तरी क्रम लक्षात ठेवण्याचं नुकसान होतंच. वाचून *अर्थ* लावायचा असेल तेव्हा मात्र कळणारी भाषा जास्त नडते.

म्हणून "मला कोरियन गाणी चालतात, कारण शब्द कळत नाहीत" हे अर्धंच खरं आहे.

मोझार्ट इफेक्टबद्दल (मोझार्ट ऐकला की डोकं जास्त चालतं म्हणे) कुणी लिहायच्या आत लिहून टाकतो. १९९३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला एक पानाचा लेख, ३६ कॉलेजची मुलं, आकृत्यांच्या कोड्यांत थोडी सुधारणा, तीही दहा-पंधरा मिनिटं टिकलेली. शिवाय त्यांनी संगीत *आधी* ऐकलं होतं, कोडी सोडवताना नाही. त्यावरून १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची सीडी द्यायला सरकारी पैसे मागितले. आपल्या धाग्याशी याचा काडीचा संबंध नाही.

कॅफेवाला_कोडर

आणि कॉफी शॉपचं काय? मला घरी काहीच सुचत नाही, कॅफेत बसलो की फटाफट सुचतं. वेटरची ये-जा, कपांचा आवाज...

शून्यशेष

@कॅफेवाला_कोडर, २०१२ मध्ये मेहता, झू आणि चीमा यांचा यावर अभ्यास आहे. साधारण ७० डेसिबलच्या गजबजाटात लोकांना नव्या कल्पना ५० डेसिबलपेक्षा जास्त सुचल्या, ८५ला सगळंच बिघडलं. पण ते कल्पना सुचण्याबद्दल आहे. रेस कंडिशन (दोन कामं एकाच वेळी चालून कधीतरीच होणारी चूक) शोधताना कल्पना नकोत, चिकाटी हवी.

मंद्रसप्तक

धागा वाचत होते, लिहिणार नव्हते, पण राहवत नाही.

मी डेटाबेस सांभाळते आणि गाणंही शिकले आहे, गुरूंसमोर बसून. ऑफिसात आजूबाजूला सगळ्यांच्या प्लेलिस्ट बघते. "डीप फोकस सितार", "कोडिंग विथ बासरी", "मालकंस फॉर कॉन्सन्ट्रेशन". सकाळी दहा वाजता मालकंस, रात्रीचा राग! आणि ऐकणाऱ्याला विचारलं काय ऐकतोयस, तर "काहीतरी शांत आहे". अहो, ज्याने आयुष्यभर रियाज करून तो कोमल धैवत कमावला त्याचा तुम्ही पंखा केलात. ऐकायचं असेल तर हातातलं टाकून ऐका. नसेल ऐकायचं तर वऱ्हाडी_बग यांचा कूलर लाखपटीने बरा, त्याची कुठली अपेक्षा नसते.

रातकिडा

आल्या आल्या, या धाग्याच्या केसकर आल्या :D

(नव्या पिढीसाठी: बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, १९५२ पासून नभोवाणीमंत्री. आकाशवाणीवर सिनेसंगीताची गळचेपी केली, शास्त्रीय ऐका म्हणाले. लोक उठले आणि रेडिओ सिलोनकडे गेले. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली.)

ताई, रागावू नका, पण संगीत नेहमी मांडी घालून, डोळे मिटूनच ऐकायचं हा नियम कुणी केला? जात्यावरच्या ओव्या, मोटेवरची गाणी ही कामाचीच गाणी ना? आणि मुद्दाम *न ऐकण्यासाठी* संगीत लिहिणारेही होऊन गेलेत. एरिक साती नावाचा फ्रेंच संगीतकार. १९१७ पासून तो 'फर्निचर संगीत' लिहीत होता, म्हणजे खोलीत खुर्ची असते तसं ते असावं. १९२० मध्ये पॅरिसला एका प्रयोगाच्या मध्यंतरात वादकांनी ते वाजवलं, तर लोक बोलायचे थांबून निमूट ऐकायला लागले. साती बिचारा प्रेक्षकांत फिरून सांगत सुटला की बोला हो, ऐकू नका!

पुढे ब्रायन ईनो हा इंग्रज संगीतकार. १९७५ मध्ये अपघात होऊन अंथरुणाला खिळला होता. मैत्रिणीने हार्पची रेकॉर्ड लावून दिली आणि ती निघून गेली. आवाज फारच बारीक, एक स्पीकर बंद, बाहेर पाऊस, आणि याला उठता येईना. पावसातून मधूनच एखादा सूर ऐकू येई. तिथून त्याला अँबियंट संगीत सुचलं, १९७८ मध्ये विमानतळासाठीचा अल्बम आला. लक्ष दिलं तर ऐकण्याजोगं आणि नाही दिलं तरी चालेल असं संगीत हवं, हे त्याचं सूत्र. अवांतर: विंडोज ९५ सुरू होताना वाजायचं ते संगीतही त्याचंच, आणि ते त्याने मॅकवर केलं असं त्याने स्वतःच सांगितलंय.

मंद्रसप्तक

केसकर! चालेल, यापेक्षा वाईट नावं ठेवून घेतली आहेत.

पण तुमच्याच उदाहरणांनी माझा मुद्दा सिद्ध होतो. साती आणि ईनो यांनी ते संगीत *तसं* वापरायलाच लिहिलं. ओव्या जात्याच्या लयीतच जन्मल्या, आणि दळणारी स्वतः गात होती, मागे काही लावून दळत नव्हती. ख्यालाचं तसं नाही. विलंबित एकतालाचं एक आवर्तन सहज पाऊण-एक मिनिट चालतं. त्यात गवई हळूहळू तुम्हाला समेकडे, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेकडे, ओढत नेतो. मुखडा आला की ज्याला थोडंसंही गाणं कळतं त्याचं लक्ष तिकडे जाणारच, तो सगळा डावच त्यासाठी मांडलेला असतो. तुम्ही कोडमध्ये असताना दर मिनिटाला कुणी तरी "आता बघ हं, आता" म्हणत असेल तर काय काम होणार? द्रुत आणि तिहाया तर विचारूच नका. तबल्याचा सोलो लावून जो कोड लिहू शकतो त्याच्या मात्रा तरी चुकतात नाहीतर कोड तरी.

आणि ज्याचं लक्ष समेवर जात नाही, त्याला त्यातलं काही पोचतच नाहीये. मग कशाला लावायचं?

सेमीकोलन

मंद्रसप्तक, हे एकदम पटलं, विशेषतः समेचं. आता कळलं की बडा ख्याल चालू असताना मी मधेच टाइप करायची का थांबते. तुम्ही स्वतः काम करताना काहीच लावत नाही का मग?

मंद्रसप्तक

लावते. तानपुरा. नुसता तानपुरा.

तुम्हाला शब्द नकोत, ताल नको, सुरुवात-शेवट नको, निवड नको. तानपुऱ्यात हे सगळं आधीच आहे. चार तारा, पंचम, दोन जोडाचे षड्ज आणि खर्ज, बस्स. पण कूलरपेक्षा त्याचं एक बरं. जवारी (तारेखाली दोरा सरकवून आणलेला झंकार) नीट लागलेली असेल तर खर्जातून गंधार आपोआप ऐकू येतो, कुणी तो छेडलेला नसतो. कान तिथे क्षणभर टेकतो आणि परत कामाला लागतो, ओढ लागत नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुरा बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९च्या सुमाराला केला, तेव्हापासून हे सगळ्यांच्या आवाक्यात आलं. आता तर फोनमध्ये आहे.

आणि अगदी संगीतच हवं असेल तर ध्रुपदाची आलापी. नोम-तोमची अक्षरं असतात, अर्थ नसतो, पखवाज येईपर्यंत ताल नाही. पण माझ्या मते ती बसूनच ऐकावी :)

शून्यशेष

यात आणखी एक भर. मागच्या आवाजात बदल किती होतो यावर त्रास ठरतो. "क क क क" असं एकच अक्षर सतत वाजलं तर फारसं बिघडत नाही, "क ट म र" असं बदलत गेलं की बिघडतं. तानपुरा दर फेरीत तेच म्हणतो. ध्रुपदाची आलापी तेच म्हणत नाही, म्हणून ताईंचं "बसूनच ऐकावी" हे प्रयोगशाळेलाही मान्य होईल.

जुनाखोड

तरुणांनो, एक म्हातारा बोलू का?

मुंबईच्या सीप्झमध्ये कोबोल लिहून निवृत्त झालो. आमच्या वेळी कानात काही घालायची सोय नव्हती. एसी हॉल, पलीकडे लाइन प्रिंटर, तो सुरू झाला की शेजारच्याशी खुणेने बोलायचं. प्रोग्रॅम आधी कागदावर लिहायचा, तो मात्र हॉलबाहेर, कँटीनच्या मागच्या जिन्यावर बसून. कारण तिथे शांत असे. कुणी शिकवलं नव्हतं, सगळेच तिथे जायचे.

तुम्ही सगळे वेग आणि मूड यांवर बोलताय. डीमार्को आणि लिस्टर यांचं 'पीपलवेअर' म्हणून १९८७चं पुस्तक आहे, त्यातली एक हकीकत ऐका. साठच्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात संगणकाच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. गाणं लावून काम करायला आवडणारे आणि न आवडणारे असे दोन गट. प्रत्येक गटातले निम्मे शांत खोलीत, निम्मे इअरफोनवर गाणी असलेल्या खोलीत. सगळ्यांना फोरट्रानमध्ये एकच प्रोग्रॅम लिहायला दिला. वेग आणि अचूकता दोन्ही खोल्यांत साधारण सारखीच निघाली.

पण प्रयोगात एक खुंटी मारून ठेवली होती. आलेल्या आकड्यावर एकामागून एक क्रिया करायच्या, अंक दोन घरं डावीकडे सरकवा, मग शंभराने भागा, असं करत करत डझनभर. या सगळ्याचा निव्वळ परिणाम काय, तर आत गेलेला आकडाच बाहेर येतो! म्हणजे काहीच करायची गरज नव्हती. काहींच्या हे लक्षात आलं, काहींच्या नाही. ज्यांच्या लक्षात आलं त्यांतले बहुसंख्य शांत खोलीतले होते.

लेखकांनी कारण म्हणून डावा मेंदू-उजवा मेंदू असं काही दिलंय, ते आता कुणी फारसं मानत नाही. कारण सोडा. हकीकत बघा. गाणं लावलेल्यांनी दिलेलं काम व्यवस्थित पुरं केलं. फक्त ते काम करायचीच गरज नाही, हे त्यांना दिसलं नाही.

माझ्या नोकरीत जे वाचवलेले तास होते ते सगळे याच जातीचे. अख्खं मॉड्यूल लिहायच्या ऐवजी "हे लागतच नाही" असं कुणाला तरी जिन्यावर सुचलं.

वऱ्हाडी_बग

काका, मान गये. दंडवत.

एडिसनकर

जुनाखोड काका, हा प्रतिसाद प्रिंट काढून टीममध्ये लावतो. पण ओपन ऑफिसात जिना कुठून आणू?

शून्यशेष

काकांची हकीकत सुंदर आहे, मीही ती व्याख्यानांत सांगतो. फक्त त्या पुस्तकात आकडे दिलेले नाहीत, किती विद्यार्थी, किती जणांच्या लक्षात आलं, काही नाही. म्हणून तिच्यावर सगळा भार टाकू नये.

दुसऱ्या पारड्यात २००५चा टेरेसा लेसियुक यांचा अभ्यास टाकतो, कारण तो खऱ्याखुऱ्या डेव्हलपरांवर आहे. कॅनडातल्या चार कंपन्यांतले ५६ जण, पाच आठवडे, त्यांच्याच ऑफिसात, त्यांच्याच आवडीचं संगीत. मध्येच एक आठवडा संगीत काढून घेतलं. त्या आठवड्यात मूड उतरला, कामाचा दर्जा उतरला आणि कामाला वेळही जास्त लागला. म्हणजे सेमीकोलन यांचे यजमान अगदीच चूक नाहीत.

आता ज्याची सवय आहे ते हिसकावून घेतलं तर कुणाचाही आठवडा वाईट जाईल, हा आक्षेप घेता येतो. माझा पहिला चहा काढून घ्या, मीही वाईट कोड लिहीन. पण काकांचा प्रयोग आणि हा, दोन्ही एकत्र ठेवले तरी भांडण नाही. एकात मूड मोजलाय, दुसऱ्यात ध्यानात न येणारी गोष्ट.

पेरूचीफोड

म्हणजे नवऱ्यांना सूट? :(

सेमीकोलन

त्याला हा प्रतिसाद दाखवणार नाहीये.

जुनाखोड काका, तुमच्या हकीकतीवरून एक विचारते. डिझाइनच्या वेळी शांतता हवी हे मान्य. पण "हे करायचीच गरज नाही" हे मला नेहमी टेस्ट लिहिताना, म्हणजे गाणी चालू असतानाच सुचलंय. कंटाळवाणं काम करताना मन मोकळं असतं म्हणून असेल का?

जुनाखोड

असेल की. जिन्यावर आम्ही तरी काय, निम्मा वेळ बिडी ओढत समोरच्या इमारतीचं बांधकाम बघत असू. तेव्हा गाणं नव्हतं एवढंच.

कानकोंडा

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर. काय ऐकता ते तुम्ही ठरवा, किती मोठ्याने ते मी सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत. तुम्ही लोक दिवसाला दहा तास लावून बसता, म्हणजे कोटा गुरुवारी संपतो. बाहेरचा आवाज झाकायला आतला वाढवत नेणं हे सगळ्यात वाईट, त्यापेक्षा कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्या आणि आवाज निम्म्यावर ठेवा. हल्ली तिशीतली मुलं कानात शिट्टी वाजते म्हणून येतात, ती शिट्टी कुठल्याच ॲपमधून बंद होत नाही.

पेरूचीफोड

बाप रे. आजपासून आवाज निम्मा. ढोलाचं मग देवावर सोडते, तोच जबाबदार आहे.

मंद्रसप्तक ताई, तानपुरा लावून बघितला. सासूबाईंना वाटलं मी गाणं शिकायला लागले, त्या खूश. पण कुठल्या पट्टीत लावायचा? ॲपमध्ये खूप पर्याय दिसतात. आणि माझ्या यूपीएसची घरघर आणि तानपुरा एकमेकांना चावतायत असं वाटतं, भास असेल.

मंद्रसप्तक

भास मुळीच नाही, कान चांगला आहे तुमचा! ट्रान्सफॉर्मरची घरघर विजेच्या वारंवारतेच्या दुप्पट असते, म्हणजे आपल्याकडे १०० हर्ट्झ. पेटीवरची पांढरी पाच ९८ला, तिचं वरचं सप्तक १९६ला. तुमचा तानपुरा पांढरी पाचच्या आसपास असेल तर दोन सूर जवळ येऊन थरथरतात. ॲपमध्ये पांढरी पाच घ्या आणि बारीक ट्यूनिंगने साधारण ३५ सेंट चढवा (पेटीच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट असतात). मग यूपीएस तुमच्या षड्जात मिसळून जाईल.

वऱ्हाडी_बग

हे तं लय भारी झालं! आता कूलरची मोटर कोणत्या पट्टीत हाये ते पाहतो.

एडिसनकर

थांबा थांबा, आमच्याकडे अमेरिकेत ६० हर्ट्झ, म्हणजे घरघर १२०ला. हे बसतं कुठे?

मंद्रसप्तक

काळी पाच ११६.५, पांढरी सात १२३.५. तुमचे १२० बरोबर मधोमध, दोन्हीकडून जवळपास ५० सेंट. काळी पाच घेऊन अर्धा पडदा चढवा. मात्र मग त्या तानपुऱ्यावर कुणाला गायला सांगू नका, बाजूला पेटी असेल तर ती रडेल.

एडिसनकर

गाणार कोण आहे इथे. आमच्या मॅनेजरला चालेल, तो कुठल्याच पट्टीत नसतो.